महजूर की मुहज्जर

"पोरी, पान एकशे बारा काढ," डॉ. रिफअत म्हणाले, आणि माझी बहीण नब्रा पानं उलटू लागलेली मला चौथ्या रांगेतून दिसली.

वारसा-अभ्यासातल्या एम.ए.चा तिचा प्रबंध. विषय, इजिप्तच्या अस्वान धरणात बुडालेलं आमचं नुबियन गाव. चार वर्षं घासली होती तिनं. आज जाहीर तोंडी परीक्षा होती. रिफअत धरून समोरचे तीन परीक्षक हो म्हणाले तर पदवी, नाहीतर चार वर्षं पाण्यात.

"गावाला तू मुहज्जर म्हटलंयस. हुसकावलेलं. ते काढ. महजूर लिही. लोक सोडून गेलेलं."

"लोक सोडून गेले नाहीत, डॉक्टर. त्यांना बोटीत घातलं."

"मग लोक गेल्यावरचा हा फोटो बघ. भिंतीतल्या चिनी बशा जागच्या जागी. जबरदस्तीनं काढलेला माणूस किमती वस्तू आधी उचलतो. ह्यांनी टाकल्या. कंटाळलेच असतील गावाला."

दोघं-तिघं हसले. हसायला काय जातंय, त्यांची घरं कोरडी आहेत.

माझ्या शेजारून आई उठली. प्रेक्षकांनी बोलायचं नसतं. मी तिची बाही ओढली. "खाली बस, तिचं वाटोळं करशील."

"सोड रे." मग डॉक्टरला, "त्या बशा चुन्यात बसवलेल्या असतात, साहेब. ओढली की फुटते. तुम्ही घर बदलताना फरशी उचलून नेता का?"

रिफअतचे कान लाल झाले. "ह्या बाईंना बाहेर न्या."

शिपाई यायच्या आत आई स्वतःच गेली.

नब्राच्या मार्गदर्शक बाई तिच्याकडे वाकल्या. माईक चालू होता, त्यामुळे कुजबुज सगळ्यांनीच ऐकली. "एकच शब्द आहे गं. बदल आणि पदवी घे."

नब्रा घोटभर पाणी प्याली. "बदलते."

बरं झालं, आई बाहेर होती.

"फक्त अहवालात तुमच्या सहीनं लिहून द्या, डॉक्टर. हुसकावलेलं चूक, सोडून गेलेलं बरोबर. म्हणजे परिशिष्टातला कागदही मला दुरुस्त करता येईल."

"कुठला कागद?"

"सरकारनं आमच्या आजोबांना दिलेला. वरच छापलंय, तहजीर समिती. तहजीर म्हणजे हुसकावणं, मुहज्जर त्यातूनच आलं. शब्द त्यांचाच. मी उतरवून घेतला."

रिफअतनं पेन उघडलं. शेजारच्या दोघांकडे पाहिलं. ते दोघं छताचा पंखा बघत होते. तोंडानं वाट्टेल ते बोलणारा हा माणूस, सरकारचा शब्द चूक म्हणून सही कुठून करणार? पेन मिटलं.

तासाभरानं निकाल वाचला. पास. शेरा नुसता 'चांगला', म्हणजे पीएचडीला ह्या विभागाचं दार बंद. शब्द तसाच राहिला.

मग फोटो. रिवाजच आहे, परीक्षक काळे झगे सावरत विद्यार्थ्याशेजारी उभे राहतात. रिफअत मधोमध आला. "अभिनंदन, पोरी." मोबाईल माझ्या हातात होता. त्याचं डोकं कापूनच मी फोटो काढला.

गाडीत तो बघून नब्रा माझ्यावरच भडकली.

"मूर्ख आहेस का रे? मला त्याचं तोंड हवं होतं. पुढे आजचं सगळं नावानिशी लिहायचंय."