पाणकावळ्यांची मोजणी

लालासाहेब मास्तर कार्तिकात गेले आणि पौष लागला तसं त्यांच्या लेकीला, शालनला, सांगलीत करमेना. दर पौषात मास्तर साताऱ्याहून बामणोलीला जात आणि कोयनेच्या पाण्यात उभ्या वठलेल्या झाडांवरचे पाणकावळे होडीतून मोजत. धरण भरल्यापासून एक साल चुकलं नव्हतं. हेही चुकू नये, एवढ्यासाठी ती त्यांची वही आणि दुर्बीण घेऊन सकाळच्या एस.टी.नं बामणोलीत उतरली.

अर्जुना होडीवाला मास्तरांच्या वेळचाच.

"काय खाल्लंय का, ताई?"

"नाही. मुद्दामच उपाशी आलेय. मला होडी लागते."

"रिकाम्या पोटी जास्तच ढवळतंय. मास्तरांची लेक आन् एवढं ठावं न्हाई व्हय?" त्यानं फडक्यातली कोरडी भाकरी आणि आल्याचा तुकडा पुढं केला. "खावा. आन् मदल्या फळीवर बसा, तितं हेलकावा कमी."

बारा वर्षांची असताना ती या होडीत एकदाच बसली होती. वडील आकडे सांगत होते, ती लिहीत होती. तिसऱ्या झाडापाशी ती वहीवरच ओकली. वडील काही बोलले नाहीत. तेच तिला लागलं. पुढच्या पौषात त्यांनी नुसतं विचारलं, "येतेस का?" ती म्हणाली, परीक्षा आहे. मग दर पौषात तोच प्रश्न, आणि तिच्याकडं कारण तयार. आपल्याला बरं वाटावं म्हणून विचारतात, असं ती धरून चालली होती.

होडी मधल्या पाण्यात आली आणि वारा सुटला. पहिल्या झाडावर तिनं दुर्बीण लावली. सात. मान खाली घालून लिहिलं. दुसऱ्यावर अकरा. तेही लिहिलं. तिसऱ्याला डोळ्यांपुढं झाड फिरायला लागलं. तिनं दुर्बीण टाकली आणि होडीच्या कडेवर वाकली.

अर्जुनानं होडीचं तोंड लाटेकडं केलं. तिनं चूळ भरेपर्यंत ती तशीच धरून ठेवली.

"फिरवू का मागं?"

"नको. हे साल कोरं ठेवायचं नाही मला."

"मग ती वही ठेवा आत. मास्तर अलीकडं होडीत लिवत न्हवते."

"लिहीत नव्हते? आणि वहीत आहे ते?"

"ते काठाला गेल्यावर. हितं धा पाखरं झाली की एक चिंचोका ह्या खिशातनं त्या खिशात. बाकी नजर समोरच्या डोंगरावर. मान खाली घातली की पोट वर येतंय, ताई. तुमी तवा आजारी पडला न्हवं, त्याच्या म्होरल्या सालापासनं त्येंनी ह्ये काढलं. मला म्हनले, अर्जुना, आता लिवायचं कामच न्हाई, पोरीला होडी लागायची न्हाई."

शालन डोंगराकडं बघत राहिली.

"मला कधी बोलले नाहीत."

"इचारत तर व्हते की दरसाल."

"एवढंच विचारायचे. येतेस का."

"मास्तर मानूस! दोन शबूद जादा खर्चील तर शपत." तो हसला. मग तिच्या फळीकडं वल्ह्यानं दाखवलं. "ह्या फळीवर कुनाला बसू देत न्हवते. म्हनायचे, राहू दे मोकळी, पुढच्या साली यील."

तिनं वही पिशवीत घातली. चिंचोके नव्हते. मग दहा पाखरं झाली की ती "दहा" म्हणे, आणि अर्जुना वल्हं मारता मारता "एक", "दोन" म्हणे. मधल्या वेळी ती समोरचा डोंगर नजरेत धरून ठेवी. तिसरं झाड झालं, चौथं झालं. काळे पाणकावळे पंख पसरून वाळवत बसले होते. पोट निवलं, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा पाचवं झाड सरत होतं. इतकं सोपं होतं ते. अकरा वर्षं नाही म्हणण्याजोगं काहीच नव्हतं.

"चार," अर्जुना म्हणाला आणि पुढच्या दहाची वाट बघत राहिला.

तिला डोंगर दिसेना. झाडही दिसेना.

"किती झालं, ताई?"

"चुकले," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. "पहिल्या झाडापासून घेऊ या."

अर्जुनानं होडी वळवली.