नाकाच्या शेंड्याचं माप

धाकट्या दिराने दुकानाला नवं कुलूप ठोकलं, तेव्हा तिचा नवरा जाऊन फार दिवस झाले नव्हते. भट्टी गेली, साचे गेले, नवऱ्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटीही उतरली. ती विचारायला गेली तर अर्ध्या उघड्या दारातूनच उत्तर आलं, "वहिनी, हे बायकांचं काम नाही. तुम्ही आपलं घर सांभाळा." त्या दिवशी तिने डूख धरला, आणि तो थंड म्हणून होऊ दिला नाही. तिला दुकान परत हवं होतं, आणि दिराने ते आपल्या हाताने द्यायला हवं होतं.

धंदा मोटरसायकलींच्या पुढच्या काचांचा. काच आपली म्हणायची, असतं अ‍ॅक्रिलिक. भट्टीत मऊ करायचं, साच्यावर वाकवायचं, कडा घासायच्या. ताठ बसून चालवायच्या गाडीवर वेग वाढला की वारा थेट छातीवर बसतो आणि थोड्या वेळात मान-खांदे भरून येतात. काच लावली की छाती सुटते. पण वारा काही नाहीसा होत नाही. तो काचेच्या कडेवरून उडी मारून मागे येतो. ती उडी डोक्यावरून गेली तर सुख, नेमकी हेल्मेटवर पडली तर डोकं गदागदा हलतं, कानात नुसता गडगडाट होतो, आणि माणूस म्हणतो, यापेक्षा बिनकाचेची गाडी बरी होती.

म्हणून तिचा नवरा प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी त्याच्या गाडीवर बसवायचा. ती हँडल धरून गाडी सरळ उभी ठेवायची, तो नाकाच्या शेंड्यापासून समोर आडवा धागा ताणायचा आणि काचेची कड त्या धाग्याला आणायचा. दीर ते बघून खो खो हसायचा. "दादा, शिंप्याचं दुकान काढलंस की काय?"

तोच दीर एके दिवशी तिने छोटी भट्टी मांडून काचांचं काम सुरू केलं होतं त्या भाड्याच्या शेडमध्ये आला, जिभेवर साखर पेरून. गाडीवाल्यांच्या मोठ्या क्लबचं काम त्याच्याकडे आलं होतं. लांबच्या सफरीआधी सगळ्या गाड्यांना नव्या काचा हव्या होत्या. त्याने केलेल्या नमुन्याने मात्र त्याचंच डोकं उठत होतं.

"माझ्या गाडीपुरती एक काच करून द्या, वहिनी. दादा करायचा तशी."

"तुमच्या गाडीपुरती?"

"माझ्या गाडीपुरती."

खोटं बोलताना तो कान खाजवायचा, लहानपणापासूनच. आताही खाजवला. ही काच साच्यावर चढणार आणि तिच्या जुळ्या बहिणी सगळ्या क्लबच्या गाड्यांवर बसणार, हे तिला लख्ख दिसलं. एकाची काच दुसऱ्याला चालत नाही, हे वाक्य अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. तिने ते गिळलं.

दीर बुटका. तिने त्याला गाडीवर बसवलं, धागा ताणला, खूण केली. तो सगळा वेळ फोनवर कोणाशी तरी बढाया मारत होता, धाग्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. आयुष्यात केली नसेल इतकी सुंदर काच तिने त्याला करून दिली. एक चक्कर मारून तो परत आला तो खुशीतच. "वहिनी, झुळूकसुद्धा लागत नाही. मानलं तुम्हाला."

सफरीच्या दिवशी ती नवऱ्याची जुनी गाडी काढून सगळ्यांच्या मागे लागली. सर्वांत पुढे दीर. मोकळा रस्ता आला, वेग वाढला, आणि तिच्या समोर एकेक हेल्मेट डुगडुगायला लागलं. कोणी मान वाकवून पाहिली, कोणी टाकीवर पोट टेकवलं. मग एक गाडी कडेला थांबली, तिच्या मागे दुसरी, आणि बघता बघता सगळा क्लब रस्त्याच्या कडेला उतरला. दीर मात्र आपल्या निवांत हवेत मजेत पुढे निघून गेला. आरशात बघायचीही त्याला गरज वाटली नसावी.

एक जाडजूड गृहस्थ डोकं धरून मैलाच्या दगडावर बसले होते. त्यांनी तिचं काही वाकडं केलं नव्हतं. तिला कसंनुसं झालं. डोकी दुखतील, पडणार कोणी नाही, एवढं तिने आधीच तपासून ठेवलं होतं. त्यापुढची दया तिला परवडत नव्हती.

क्लबची प्रमुख म्हणजे दातांची डॉक्टर, चांगली ताडमाड बाई. तिने स्वतःच्या गाडीची काच काढून गवतावर ठेवली. बाकीच्यांनी त्या काचेवर आपापल्या रचल्या. दीर परत आला तो त्या ढिगासमोरच येऊन थांबला.

"माझ्या गाडीवर तर काहीच होत नाही," तो म्हणाला.

"मग सगळ्या तुम्हीच लावा," डॉक्टरीण म्हणाली. "आजच्या आज नीट झाल्या तर ठीक, नाहीतर हा ढीग परत न्या."

दीर सगळ्यांच्या मागे उभ्या असलेल्या वहिनीपाशी आला. आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बायकांचं काम नाही ना हे."

त्याचा चेहरा उतरला. तो चेहरा तिने पोटभर पाहून घेतला. किती रात्री तिने याच चेहऱ्याची वाट पाहिली होती. मग हात पुढे केला. "दुकानाची किल्ली."

त्याने क्लबकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं आणि खिशातून किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती ओढणीच्या टोकाला बांधली आणि खिशातून धागा काढला.

"याच काचा, पण प्रत्येकाची बैठक वेगळी," तिने सगळ्यांना सांगितलं. "उंच माणसाची काच मी पट्ट्या लावून वर उचलून देते, ठेंगण्याची कड घासून खाली आणते. दुकानात चला. आधी इथेच एकेकाने गाडीवर बसा, माप घेते."

डॉक्टरीण पहिली बसली. गुडघे टाकीला लावून, पाठ ताठ करून. स्टँड काढलेली अवजड गाडी डुलायला लागली.

"भाऊजी," ती धागा ताणत म्हणाली, "हँडल धरा. सरळ धरा, डुलली तर माप चुकतं."

दीर पुढे झाला आणि त्याने हँडल धरलं. ऊन चढत गेलं, रांग सरकत गेली, त्याच्या बाह्या घामाने भिजल्या. सगळे झाल्यावर त्याने हात सोडले आणि आपल्या गाडीकडे बोट दाखवलं. "आणि माझी?"

ती धागा गुंडाळत होती. "तुमची बरोबर आहे, भाऊजी," ती म्हणाली. "सगळ्यांत तेवढी एकच मापाची आहे."