चैत्रांगणातले बेट

चैत्राचे ऊन पिंपळाच्या तांबूस पालवीतून गाळून आले आणि मंदाकिनीच्या अंगणात सांडले. कोवळे ऊन, केशरी ऊन, सारवलेल्या गेरूवर ठिपक्याठिपक्यांनी उमटलेले ऊन. चारी बाजूंनी वाईचे डोंगर उभे होते. निळे, निकटचे, जन्मभराचे.

चैत्रगौर बसली की महिनाभर दारात चैत्रांगण काढायचे, ही सासूकडून आलेली रीत. सूर्य, चंद्र, कासव, गोपद्मे, गौरीची पालखी. यंदा मात्र पालखीशेजारी एक गाडी उगवली होती. खिडकीला पडदा असलेली, पुढे चालकाच्या जागी एकच ठिपका असलेली. चाकांवरचे घर, घरासकट निघालेली वाट.

ती गाडी ऑगस्टमध्ये खरीच मिळणार होती. ग्लासगोला राहणाऱ्या लेकीने, केतकीने, स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखात हिंडायला ती भाड्याने ठरवली होती. चालवणार होते बळवंतराव, केतकीचे बाबा, एसटीचे निवृत्त चालक. तिथेही रस्ता डावीकडूनच, हे कळल्यापासून त्यांच्या चालण्यात दहा वर्षे कमी झाली होती.

रोज संध्याकाळी केतकी फोनवर गावे सांगायची. रोज सकाळी मंदाकिनी ती अंगणात ठेवायची. ग्लेनकोची धुक्याने भरलेली दरी: एक ठिपका. काळ्याशार तळ्याकाठचे फोर्ट विल्यम: एक ठिपका. जांभळ्या झुडपांनी पेटलेले उतार, मेंढ्यांनी अडवलेले रस्ते, पावसाने धुतलेले पाषाण: ठिपका, ठिपका, ठिपका. नावे जिभेवर अडखळत; चिमटीतून मात्र सरसर उतरत. पुलावरून पलीकडे स्काय नावाचे बेट. पूल आहे म्हटल्यावर बळवंतरावांनी तेही मान्य केले.

आणि त्याच्याही पश्चिमेला, गेरूच्या ओसाड समुद्रात, एक एकाकी ठिपका. हॅरिस. तिथे पांढरीशुभ्र वाळू, पाचूसारखे पाणी, आणि पुढे नुसता सागर. तिथे पूल नव्हता. गाडी बोटीत चढवायची, तेव्हा ते बेट.

"गाडी बोटीत घालायची?" काल संध्याकाळी बळवंतराव म्हणाले होते. "अगं, वरंधा घाट मी धुक्यात डोळे मिटून उतरलोय. पण तिथं ब्रेक माझ्या पायाखाली होता. बोटीत कुणाच्या पायाखाली?"

"आणि इतकी वर्षं माझा ब्रेक कुणाच्या पायाखाली होता हो?"

फोनमधून केतकीचे हसू सांडले. "बाबा, आई जिंकली! पण ऑगस्टात बोटीवर जागा उरत नाही. सकाळपर्यंत सांगा, नाहीतर बेट गेलं."

"बघू," बळवंतराव म्हणाले. हे 'बघू' मंदाकिनीच्या ओळखीचे होते.

दापोलीपलीकडच्या किनाऱ्याची मुक्कामाची गाडी त्यांच्याकडे होती तेव्हाचे ते 'बघू'. ते समुद्राकाठी निजून यायचे. डब्याच्या पिशवीत वाळू यायची, सदऱ्याला खारा वास यायचा. समुद्र मात्र यायचा नाही. पुढच्या खेपेला तुला नेतो, बघू. खेपा सरल्या, गाडी बदलली, नोकरी संपली. मंदाकिनीचा सूर्य रोज डोंगराआडच मावळला. पाण्यात बुडणारा सूर्य, मागे काठ नसलेला, डोंगर नसलेला, तिने कधी पाहिलाच नाही.

आज ती उजाडताच उठली. सडा घातला. ओल्या गेरूचा गंध उठला, आणि तिच्या बोटांना पुन्हा प्रवासाचे वारे लागले. सूर्य काढला, चंद्र काढला, कासव चालते केले. मग ठिपके. मग रेषा: शुभ्र, सलग, न थरथरणारी रेषा, दरीतून तळ्याकडे, तळ्यावरून पुलाकडे, पुलावरून बेटावर. तिथे हात थांबला.

रांगोळीत ठिपका सुटू द्यायचा नाही. सुटला, तर रांगोळी अपुरी. आजवर तिच्या हातून एकही सुटला नव्हता.

आज तिने तो सोडला. जाणूनबुजून सोडला. रांगोळीची वाटी त्याच्याशेजारी ठेवली आणि चहाचे आधण ठेवायला आत गेली.

आधणात आले टाकले. पाणी उकळले, दूध ओतले, चहा वर आला, खाली बसला. अंगणात चपला वाजल्या. मग वाजेनाशा झाल्या. तिने कान दिला. काहीच नाही. दोन कप घेऊन ती उंबऱ्यात आली, आणि कप हातातच राहिले.

बळवंतराव उकिडवे बसले होते. घाटाची वळणे ओळखणारा तो राकट हात मुठीतून रांगोळी सोडत होता. चिमटीतून नव्हे, मुठीतून. जाड, जाडजूड, ओल्या मातीत उठलेल्या चाकोरीसारखी रेषा. स्कायवरून निघाली, पाण्यात शिरली, जराशी डगमगली. थांबली नाही. हॅरिसच्या ठिपक्याला वेढा घालून परत वळली.

"अहो, रेषा आहे की पाट?"

"लाटा असतात समुद्रात," ते मान वर न करता म्हणाले. "केतकीला सांग, जागा धर म्हणावं."

तिच्या हातातला चहा हिंदकळला. बशीत छोटा तांबूस समुद्र झाला.

"आणि ऐका. एसटीत तुमच्या डोक्यावर पाटी असायची, चालकाशी बोलू नये. या गाडीत मी बोलणार. बोटीतसुद्धा."

"बोल की. बोटीत मी कुठं चालक आहे?"

उठता उठता त्यांची नजर तिने काढलेल्या गाडीवर गेली. पुढे तो एकच ठिपका. रोजच्या सवयीचा, एकट्याचा. ते पुन्हा बसले. मग या वेळी मुठीने नाही, चिमटीने, श्वास रोखून, त्यांनी त्याच्या शेजारी दुसरा ठेवला.

ऊन सरकत सरकत तिथवर आले. गेरूचा समुद्र उजळला. गाडीत दोन ठिपके होते. शुभ्र, शेजारी शेजारी, पश्चिमेकडे तोंड करून.