झबल्याचा वास

टिच्!

झबल्याचं पहिलं टिचबटण उघडलं आणि त्या एवढ्याशा आवाजानेही घडीताई दचकली. तासभर रडून रडून बाळाचा आत्ता कुठे डोळा लागला होता. घर चिडीचूप होतं. तिने श्वास रोखून दुसरं बटण सोडलं, मग तिसरं. झबल्याची कड कमरेशी चिकटली होती. हलक्या हाताने तिने ती सोडवली.

सकाळी गुलाबी होतं ते आता लालभडक झालं होतं. मानेच्या वळीत, काखेत, जांघेत. कमरेभोवती तर पट्टाच उठला होता, कुणी चटका द्यावा तसा.

चटका! हा शब्द मनात आला मात्र, तिला तळमजल्यावरच्या पाळणाघरवाल्या मावशी आठवल्या. दिवसभर बाळ असतं कुणाकडे? त्यांच्याकडेच ना?

"आई, बाळाला बाऊ झालाय?" दारातून ठमाबाईंनी विचारलं. ही तिची मोठी लेक, वय वर्षं पाच. शाळा सुटली की तीही मावशींकडेच असायची.

"गप्प बस. मावशी काय लावतात गं बाळाला?"

"काही नाही. गाणं म्हणतात."

पण घडीताईला आता काही ऐकू येत नव्हतं. बाळाला कडेवर घेऊन ती तरातरा जिना उतरली. मावशींच्या दाराशी उभं राहून ती जे ओरडली, ते वरच्या मजल्यापर्यंत गेलं. "काय केलंत माझ्या लेकराला? भाजलंत की काय फासलंत?"

मावशी गडबडून गेल्या. "अगं, आठ दिवस मीच सांगतेय ना, मानेला लाल दिसतंय म्हणून? मी फक्त पाण्याने पुसते..."

"पुसू नका आणि हातही लावू नका!"

दुसऱ्या दिवशी पाळणाघरात तीन मुलं कमी आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी दोन.

घडीताई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात ती चादरींच्या घड्या घालायची, आणि कोपऱ्याला कोपरा असा जुळवायची की धुलाईचे मास्तर म्हणायचे, "हिच्या घडीवर पट्टी न ठेवता रेघ मारावी." पंधरा दिवसांपूर्वी तिची बदली संसर्ग कक्षाच्या कपड्यांवर झाली होती. तोंडं बांधलेल्या पिवळ्या पिशव्या यायच्या, जाड हातमोजे घालून त्या उघडायच्या. पहिल्याच दिवशी तिला वाटलं, हे सगळं माझ्या केसांतून, नखांतून घरी जाणार. माझ्या बाळाच्या अंगावर बसणार! तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता. दारात पाऊल टाकलं की बाळ दोन्ही हात पुढे करायचं, आणि ती मागे सरायची. स्वतःच्याच लेकराला घ्यायची भीती! कुणाला सांगणार?

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी बाळाला तपासलं. म्हणाल्या, "भाजलेलं नाहीये हे. त्वचेला काहीतरी झोंबतंय. घरात नवीन काही वापरताय? साबण, पावडर, तेल?"

"नाही," घडीताई पटकन म्हणाली. तिची नजर मात्र जमिनीवर होती.

डॉक्टरबाईंनी मलम दिलं, दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. पण मलम लावूनही लाली हटेना. बाळ दुधाला तोंड लावेना. त्यात बाळाचे बाबा मालाची गाडी घेऊन परगावी गेलेले. पाळणाघर तर बंदच केलेलं; तिने बाळाला मोठ्या कष्टाने आजोळी सोडलं, त्याचं काढलेलं झबलं पिशवीत घातलं आणि कामावर आली. चहाच्या सुट्टीत ते तिने मास्तरांपुढे टेबलावर टाकलं.

"बघा मास्तर! तुम्ही कापडावरचा डाग बघून रोग ओळखता म्हणतात. त्या बाईने काय फासलंय ते सांगा. मी पोलिसांत जाणार आहे."

मास्तर साठीला टेकलेले. चाळीस वर्षं कापडात गेलेली. त्यांनी झबलं उलटं केलं, शिवण बोटांत चोळली, मग नाकाशी नेलं. एकदा. पुन्हा एकदा. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"घडीताई, हे धुतं कोण?"

"मीच. दुसरं कोण आहे?"

"शेवटच्या पाण्यात काय घालतेस?"

तिने झबलं पुढे ओढून त्याची घडी घालायला घेतली.

"बोल पोरी. हा वास मी झोपेतही ओळखेन. आपल्या ऑपरेशनच्या चादरींचा वास आहे हा."

नोकरी जाणार! आता बाळही आजारी आणि नोकरीही गेली! "पिवळ्या कॅनमधलं जंतू मारायचं औषध... बाटलीभर नेलं होतं मी. न विचारता."

"किती घालतेस?"

"बादलीला अर्धी वाटी."

"अर्धी वाटी! तीस किलो चादरींना आपण एवढंसं एक माप घालतो. आणि नंतर साध्या पाण्यातून काढतेस ना?"

"नाही... औषध धुऊन जाईल म्हणून. कपड्यात राहिलं तर जंतू येणार नाहीत असं वाटलं."

मास्तरांनी झबलं टेबलावर ठेवलं. "म्हणजे लेकरू रात्रंदिवस औषधात गुंडाळलेलं! घाम आला की ते झोंबणार, ओलं झालं की झोंबणार. अगं, ऑपरेशनचं टेबल आहे का ते? आपल्याच नवजात कक्षाच्या दुपट्यांना हे औषध लावतो का आपण? उलट साध्या पाण्यातून तीनदा काढतो. का? तर त्या कातडीला आपण सोसतो त्यातलं काहीच सोसत नाही."

"मग जंतूंचं काय करू मास्तर? मला भीती वाटते हो!"

"भीती मलाही वाटते. चाळीस वर्षं वाटतेय. म्हणून इथून निघताना कामाचे कपडे इथेच बदलायचे, हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे, घरी जाऊन पोराला खुशाल छातीशी धरायचं. त्याला कोमट पाण्याने धू, टिपून घे, घासू नकोस. वळ्या कोरड्या ठेव. ओला लंगोट तासन् तास ठेवू नकोस, थोडा वेळ उघडंच लोळू दे. घमघमणारं काही नको. पण हे सगळं नंतर! आधी ऊठ, आणि डॉक्टरबाईंना खरं सांग. त्या काय देव आहेत, न सांगता कळायला?"

"आणि बाटली?"

"ती परत आण. साहेबांपुढे आपण दोघं उभे राहू. शिव्या खाऊ."

ती उठली. रस्ताभर तिच्या डोळ्यांपुढे बाळाची कमर होती आणि त्या कमरेवर तिचेच हात! मावशींचे नव्हेत, तिचेच! डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "हे परवा सांगितलं असतं तर बाळाचे दोन दिवस वाचले असते," एवढंच म्हणाल्या. ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

त्या संध्याकाळी तिने बाळाचा कपडा न् कपडा साध्या पाण्यातून काढला, वास जाईपर्यंत. चौथ्या दिवशी लाली ओसरली. आठव्या दिवशी बाळ अंघोळीत पाय आपटून हसलं. साहेबांनी एक दिवसाचा पगार कापला आणि विषय मिटवला.

पण मिटला नव्हता. ठमाबाईंचा हात धरून ती तळमजल्यावर गेली. सात गाद्यांपैकी दोनच अंथरलेल्या होत्या.

"चुकले मी मावशी."

मावशींनी आधी बाळाची मान वर करून वळी बघितली. मग म्हणाल्या, "छान झालं हो. पण बाई, त्या दिवशी तू ओरडलीस ते चार मजल्यांनी ऐकलं. आजचं कुणी ऐकलं?"

खरंच, कुणी ऐकलं होतं? घडीताई तशीच वळली. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक दारात उभं राहून तिने सांगितलं, "चूक माझी होती. मावशींची नाही."

वाचकहो, आपल्या लेकरांवर आपलं प्रेम आहेच. पण घाबरलेलं प्रेम जास्तीचं औषध ओततं, खरं लपवतं आणि दोष देण्यासाठी हाताशी सापडेल त्याला धरतं. तान्ह्या कातडीला फार काही लागत नाही. साधं पाणी, मऊ कोरडं कापड, मोकळी हवा; आणि लाली हटत नसेल तर डॉक्टरांपुढे खरं बोलणारी आई. बोट दुसऱ्याकडे वळण्याआधी आपण आपलीच बादली एकदा हुंगून बघू या!

शेवटचा जिना चढताना ठमाबाई मध्येच थांबल्या.

"आई, मी शाळेत पडले होते ना, तेव्हा तू बाईंना हळू आवाजात विचारलंस, 'काय झालं हो?' मग मावशींना का नाही तसं विचारलंस?"