जेवणघरातल्या माठाची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना माठ आहे. पण माझ्यातले पाणी आजवर कोणी प्यालेले नाही. १९२४ च्या उन्हाळ्यात बार्शीटाकळीला, शालिकराम कुंभाराच्या चाकावर माझा जन्म झाला. मला घडवून घ्यायला अकोल्याहून गोवर्धन नावाचा माणूस आला होता. त्याने दोन्ही हात पसरून माझ्या तोंडाचे माप दाखवले, तेव्हा शालिकराम हसू लागला.

"एवढ्या तोंडाचा माठ कायले लागते, बापा? म्हैस पानी पेते का याच्यात?"

"बाटल्या ठेवायच्या हायेत," गोवर्धन म्हणाला. "सायबाच्या."

शालिकरामचे हसू थांबले. त्याने मला घडवले मन लावूनच. पण भट्टीतून काढल्यावर इतर माठांपासून दूर, कुंपणाशी ठेवले.

अकोल्यात कापूस घेणाऱ्या एका विलायती कंपनीचा बंगला होता. तिथे वर्नेसाहेब नावाचे फ्रेंच गृहस्थ राहत. गोवर्धन त्यांचा बटलर. जेवण वाढणे आणि कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन द्यायची ते पाहणे, हे त्याचे काम. मूळचा तो मोर्णा नदीकाठच्या माळ्यांपैकी. घरी भाजीचा मळा होता. जेवणघराच्या कोपऱ्यात, मागच्या व्हरांड्याच्या दारावरील वाळ्याच्या पडद्याशेजारी त्याने मला बसवले. माझ्या पोटात वाळू भरली. ती ओली करायची आणि बाटल्या गळ्यापर्यंत तिच्यात पुरायच्या, असा रोजचा क्रम सुरू झाला.

मेजाभोवती आठ खुर्च्या होत्या. सात रिकाम्या असत. मडमसाहेब उन्हाळा न सोसल्यामुळे मायदेशी परतल्या होत्या. साहेब एकटे जेवत, गोवर्धन मागे उभा राही आणि मी कोपऱ्यात पाझरत असे. तिघेही गप्प.

साहेबांकडे एक पुस्तक होते. पांढरी वाइन थंड द्यावी, तांबडी खोलीत जशी असेल तशीच द्यावी, असे त्यात लिहिले होते. एप्रिलमध्ये गोवर्धनने तशी तांबडी दिली. साहेबांनी घोट घेतला आणि पेला दूर सारला.

"साहब," गोवर्धनने विचारले, "किताब में कौन सा कमरा है?"

साहेब हसले. "मेरे गाँव का. वहाँ कमरे में कोट पहनकर बैठते हैं."

त्या दिवसापासून पांढरी बाटली सकाळपासून आणि तांबडी अर्धा तास, अशा दोन्ही माझ्याकडे येऊ लागल्या. मी मन लावून पाझरत असे.

मासळीबरोबर पांढरी, मटणाबरोबर तांबडी, शेवटी गोड पोर्ट, एवढे पुस्तकात होते. पण खानसाम्याच्या उकडलेल्या जेवणाला साहेब कंटाळले. गोवर्धनच्या घरचे जेवण त्यांनी मागितले. मग त्याची मुलगी शकुन दर रविवारी मागच्या व्हरांड्यात डबा आणून देऊ लागली. पहिल्या रविवारी तिची आई मैनाबाई हिने केलेली वांग्याची झणझणीत भाजी आणि ज्वारीची भाकरी आली. गोवर्धनने बोर्दोची तांबडी वाइन दिली. साहेबांचा चेहरा लाल झाला. तुरट वाइनने मिरची आणखी भडकली होती.

पुढच्या रविवारी गोवर्धन माझ्यासमोर उकिडवा बसला. एकेक बाटली उघडून त्याने बुचाचा वास घेतला. मग भाजीचा वास घेतला. पुन्हा बुचाचा. शेवटी त्याने मोझेल नदीकाठची जर्मन बाटली उचलली. ती पांढरी, किंचित गोड आणि मी चांगली गार केलेली. साहेबांनी भाजी खाल्ली, घोट घेतला, मग भाकरीचा शेवटचा तुकडा रश्श्यात बुडवला. ताट स्वच्छ परत गेले.

मित्रांनो, गोवर्धन असाच शिकला. वासावरून, साहेबांच्या चेहऱ्यावरून आणि परत आलेल्या ताटावरून. हुरड्याच्या दिवसांत त्याने भाजलेल्या कणसांबरोबर शेरी नावाची बिनगोड वाइन दिली. पाटवडीच्या रश्श्याबरोबर पुन्हा मोझेल. अमरावतीहून आलेल्या गोऱ्या पाहुण्यांनी त्याची वाहवा केली. पेले तोच धुई आणि राहिलेली वाइन तोच परसात ओतून देई. मी चार वर्षे त्याच्यापासून दोन हातांवर होतो. त्याने एक थेंबही जिभेवर ठेवला नाही.

१९२८ च्या माघात शकुनचे लग्न अकोटच्या खुशालरावांच्या मुलाशी ठरत आले. खुशालराव काळ्या जमिनीत भाजीपाला आणि कापूस दोन्ही पिकवत. कापसाची गाडी घेऊन ते कंपनीत आले आणि होणाऱ्या व्याह्याला भेटायला बंगल्याच्या व्हरांड्यात शिरले. गोवर्धन तेव्हा नाकाशी बूच धरून उभा होता.

"हे काय करून राहिले, भाऊ?"

"वास पाहून राहिलो. आज सायबाले कोणती द्यायची ते."

"अन् चव?"

"चव नाई घेत मी."

खुशालराव हसले, पण डोळे हसले नाहीत. "पेल्याबिगर कसं कळते?"

"तुमी खरबूज कापल्याबिगर सांगता ना, गोड हाय का नाई?"

"खरबूज आपलं हाय. हे इलायती."

एवढ्यात वर्नेसाहेब बाहेर आले. पाहुणे कोण हे कळताच त्यांना गोवर्धनसाठी दोन चांगले शब्द बोलावेसे वाटले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बहुत अच्छा आदमी. पूरे बरार में वाइन का ऐसा जानकार नहीं. मुझसे भी ज्यादा जानता है!"

साहेब खूश होऊन आत गेले. खुशालरावांनी गोवर्धनकडे पाहिले. मग ते पायऱ्या उतरून गेले.

आठ दिवसांनी ते पुन्हा आले. बरोबर जातीतले वडीलधारे जानराव होते. मैनाबाईलाही बोलावून घेतले होते. रविवार होता, म्हणून शकुन डबा घेऊन आलेली. ती खांबाआड उभी राहिली. सारे व्हरांड्यात, माझ्यासमोरच्या दाराशीच बसले.

"माह्या मोठ्या भावाले दारूनं खाल्लं," खुशालराव म्हणाले. "तरी पेणाऱ्याचा मले राग नाई. तो मरेपर्यंत म्हने, मी शिवलो नाई. मले राग खोट्याचा हाय."

"मी खोटं बोलत नाई. पेलो नाई मी."

"यायच्या तोंडाले कधी वास आला नाई," मैनाबाई म्हणाली. "मी रोज जवळ हाये ना."

"बायको नवऱ्याचीच बाजू घेते, बाई," जानराव म्हणाले. "खुद्द सायब सांगून राहिला, याच्याइतकं कोनाले कळत नाई. मंग का नुसत्या वासानं पंडित झाला? पाह्य गोवर्धन, आमी काही तुले जातीबाहेर टाकत नाई. चुकलो म्हन. तुळशीची माळ घाल, पंचांले जेवू घाल, हे काम सोड. विषय संपला. खुशालराव, मंग जमते ना?"

"जमते. कबूल केलं तर मानूस सुधारते. नाई केलं तर मी पोरीले तशा घरातून नेत नाई."

गोवर्धनने जानरावांकडे पाहिले. "बुवा, जे केलं नाई ते कसं कबूल करू?"

मैनाबाई हळूच म्हणाली, "शकुनचे बाबा, म्हना ना एक डाव. पोरीचं जमते."

मी मातीचा आहे. मला तोंड मोठे आहे, पण वाचा नाही. त्या दिवशी ती असती, तर मी ओरडून सांगितले असते. माझ्यातले पाणी वाळूतून झिरपून फरशीवर आले, तेवढेच.

गोवर्धन म्हणाला, "पेलो."

"मोठ्यानं सांग."

"पेलो. चुकलो मी."

खुशालरावांनी उठून त्याला मिठी मारली. त्यांचे डोळे भरून आले होते. "आता आपन व्याही," ते म्हणाले. जानरावांनी गुळाचा खडा वाटला. खांबाआडून शकुन पुढे आली. डबा खाली ठेवला, सगळ्यांच्या पाया पडली. बापाच्याही पडली, पण त्याच्या तोंडाकडे तिने पाहिले नाही.

ती गेल्यावर गोवर्धन बायकोला म्हणाला, "तिले तरी खरं सांग."

"लग्न होऊ द्या. मंग सांगीन."

दुसऱ्या दिवशी तो साहेबांचा निरोप घ्यायला आला. कबुलीची बातमी बंगल्यावर पोचलेली होती. साहेब रागावले नाहीत. उलट हसून म्हणाले, "मुझे मालूम था, गोवर्धन. बिना पिये इतना कोई नहीं जानता."

गोवर्धनच्या गळ्यात नवी माळ होती. त्याने पेले पुसून जागेवर लावले, माझी वाळू शेवटची ओली केली आणि गेला.

त्याच्या जागी दुसरा बटलर आला. तो पुस्तकाप्रमाणे वाढी. ताटे अर्धी परत जात आणि साहेब पूर्वीपेक्षा लवकर मेजावरून उठत. पुढे मुंबईहून बर्फाची पेटी आली. माझी वाळू सुकली. १९३१ मध्ये साहेब मायदेशी गेले आणि मला गोदामामागे ठेवले. लोकांनी ओळखले, हा दारूचा माठ. पाण्यासाठी कोणी मला उचलले नाही. पावसाचे पाणी साचते, उन्हाने आटते. माझ्या बुडाला एक तडा गेला आहे. बाजूने माणसे जातात, पण थांबत नाही कोणी.

मला याचे वाईट वाटते, पण फार नाही. माठाला वापर संपला की जागा राहत नाही. मला वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. मैनाबाईने शकुनला खरे सांगितले की नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही.

म्हणून तुमच्याजवळ एवढेच मागणे आहे. एखाद्याला आपल्याहून जास्त कळते, म्हणून त्याने काही वाईट केलेच असेल, असे धरून चालू नका. नीट पाहूनही माणसाला पुष्कळ कळते. आणि कोणी "मी केले नाही" म्हटले, तर त्याला दुसऱ्यांदा विचारण्याआधी थोडे थांबा. तुमच्यापैकी कोणी अकोटला गेलात आणि खुशालरावांची सून भेटली, तर तिला माझा निरोप सांगा.

तुझा बाप प्याला नव्हता.