शनिवारची पिशवी

“भाऊजी, ताईचा कोट कुठाय? नीट घडी घालून ठेवते, नाहीतर कसर लागेल.” मेहुणी कपाट उघडून उभी होती.

त्यात शोधण्यासारखं काही नव्हतंच. माझा एक शर्ट, एक पँट आणि एक रिकामा हँगर. बायकोचा कायदाच होता तसा: अंगावर एक, दोरीवर एक, जादा दिसलं की शनिवारच्या पिशवीत. कामावर जाताजाता ती पिशवी मी चर्चच्या व्हरांड्यात ठेवत असे. ज्याला गरज असेल तो नेई, कोणी काही विचारायचं नाही. येशूच्या मागं चालायचं तर ओझं कमी हवं, असं तिचं म्हणणं. मी म्हणायचो, “एक दिवस मलाही पिशवीत भरशील.” ती म्हणायची, “तुम्हाला नेणार कोण?”

तिला जाऊन तीन आठवडे झाले होते. तिचे दोन जोड मेहुणीनेच वाटून टाकले. कोट तेवढा मी मागून घेतला होता, कायदा मोडून. दुसरं काही नकोच होतं मला.

“सकाळी पिशवी नेली मी,” मी म्हणालो.

“म्हणजे? त्यात घातलात?”

वीस वर्षांची सवय. शनिवार उजाडला, कपाटात जादा दिसलं ते भरलं, नेऊन ठेवलं. डोकं ठिकाणावर कुठं होतं! दिवसभर हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री केली, तरी ध्यानात आलं नाही.

“अहो, मग बसलात काय? पळा!”

गेलो. पिशवी रिकामी होती. पायरीवर एक बाई कोट घालून बघत होती. आमच्याच हॉस्पिटलचे जिने पुसते ती. तिचा कोपरांवर फाटलेला स्वेटर कठड्यावर पडला होता.

“बघा ना, माझ्याच मापाचा,” ती हसून म्हणाली. मग माझा चेहरा बघून थबकली. “तुमचाय का? चुकून आला का हो?”

हो म्हटलं असतं तर तिने लगेच काढून दिला असता. आणि ते खोटंही नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. दाढ काढण्याआधी जबडा बधिर करतात, तसा मी सगळाच झालो होतो.

“बायकोचा होता,” मी म्हणालो. “वरचं बटण आधी लावा. खालून सुरुवात केली की एक उरतं. तिनेच वाकडं शिवलंय.”

तिने लावलं. “आता?”

“आता बरोबर.”

घरी मेहुणीने विचारलं, “मिळाला?”

“दिला.”

“धन्य आहे तुमची!” म्हणाली, आणि तीच रडायला लागली.

रविवारी चर्चमध्ये कोट माझ्यापुढे दोन बाकं सोडून बसला होता. पाळक कशावर बोलले ते आठवत नाही. डाव्या खांद्यावर बायकोच्या पर्सच्या पट्ट्याची चुणी तशीच होती. मी इतका इस्त्रीवाला, पण ती चुणी मला कधी काढता आली नाही. प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत.