शिलाईत गेलेली दरी

त्या रस्त्यावर तिला कुणी नावानं हाक मारत नसे. समोर माणूस उभा राहिला की नुसत्या नजरेनं ती त्याच्या छातीचं, कमरेचं, मानेचं माप सांगायची, अर्ध्या बोटाचा फरक पडला तर पडला. म्हणून ती मापबाई. दुकान म्हणजे एकच खोली. खिडकीशी शिवणयंत्र, मधोमध कापडं बेतायचं लांब टेबल, भिंतीला आरसा आणि आरशाखाली एक खुर्ची. त्या खुर्चीत गिऱ्हाइकानं बसलेलं मापबाईला खपत नसे. ती खुर्ची विहीणबाईंची.

मापबाईची लेक विहीणबाईंच्या मुलाला दिलेली. लग्नानंतर वर्षभरात जोडपं नोकरीपायी दूर गेलं आणि जाताना दोघी आयांना एकमेकींच्या गळ्यात बांधून गेलं. आधी दोघी अंतर राखून होत्या. मग रोज चारचा चहा सुरू झाला, मग चहाबरोबर भांडण सुरू झालं आणि भांडण सुरू झालं तेव्हा मापबाईला कळलं, की हे माणूस आता आपलं झालं.

विहीणबाईंनी चौतीस वर्षं सात नंबरची बस चालवली होती. त्याच रस्त्यानं, त्याच थांब्यांवरून. वसंतात सेवानिवृत्त झाल्या, डेपोनं एक घड्याळ दिलं, आणि घड्याळाकडे बघत बसण्यापलीकडे काही उरलं नाही. त्यातून गुडघे कुरकुरू लागले. त्यांची थोरली लेक लांबच्या शहरात राहायची. ती दर रविवारी फोन करून सांगे, की खोली रिकामी आहे, ये आता कायमची.

एका दुपारी चहा निवत ठेवून विहीणबाई म्हणाल्या, की जावं म्हणते.

मापबाईच्या पायाखालचं पायडल थांबलं. तोंडात टाचण्या होत्या, न बोलायला हे एक निमित्त बरं मिळालं.

नेमका त्याच दिवशी कोपऱ्यावरचा दातांचा डॉक्टर दुकानाच्या काचेवर एक कागद चिकटवायला आला. हा डॉक्टर वर्षभर लोकांच्या दाढा उपटे आणि शरदात एक दिवस लोकांना डोंगरात पळवे. जोडीची डोंगरधाव. छत्तीस किलोमीटर, पाच चौक्या, वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी पाच. वाटेवर ना झेंडा ना बाण. हातात नकाशा, गळ्यात होकायंत्र, आपली वाट आपण शोधायची. जोडी फुटली की बाद, उशीर झाला की वहीत नाव नाही.

विहीणबाईंनी कागद उभ्याउभ्या दोनदा वाचला.

"हे वेळेत झालं तर मी अजून चालती गाडी आहे," त्या म्हणाल्या. "नाही झालं तर भंगार. मग गपचूप लेकीकडे जाईन."

"आणि जोडीला कोण?" मापबाईनं विचारलं.

विहीणबाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, जणू आज माप घ्यायची पाळी त्यांची होती.

तयारी सुरू झाली. मापबाई पाठीवर अस्तराच्या कापडाचा गठ्ठा बांधून इमारतीचे जिने चढे, उतरे, पुन्हा चढे. तिसऱ्या मजल्यावरच्या पेन्शनर काकांना वाटलं, बाई घर सोडून चालली आहे. त्यांनी दार उघडून पाणी विचारलं, आणि हीच बाई दिवसातून बारा वेळा घर सोडते म्हटल्यावर दार बंद करून घेतलं.

विहीणबाईंचं दुखणं वेगळं होतं. दम भरपूर होता, पण पाय थांब्यांना चटावलेले. रस्त्यानं पळताना बसचा खांब आला की त्या आपोआप मंद व्हायच्या, थांबायच्या, डावीकडे एक नजर टाकायच्या आणि मगच निघायच्या. वळायच्या आधी हात बाहेर. खांबाशी उभे असलेले लोक बिचारे चढायचं म्हणून पाऊल पुढे टाकायचे.

मग एका रविवारी दोघी पहिल्या अर्ध्या वाटेची पाहणी करायला डोंगरात गेल्या. उघडे, गवताळ डोंगर, एकामागे एक, झोपलेल्या गुरांच्या पाठींसारखे. मापबाई होकायंत्र हातात धरून पुढे चालली, आणि तासाभरानं दोघी निघाल्या त्याच दगडाशी परत आल्या. पुन्हा निघाल्या, पुन्हा तोच दगड. तिसऱ्या खेपेला विहीणबाईंनी तिचा हात धरून वर केला. मनगटावर टाचण्या चिकटवून ठेवायचं लोहचुंबकाचं कडं होतं. वीस वर्षांत ते मापबाईनं आंघोळीखेरीज काढलेलं नव्हतं. उत्तर दिशा बिचारी सकाळपासून मापबाईच्या मनगटात येऊन बसली होती.

विहीणबाई त्या दिवशी इतक्या हसल्या, की त्यांना खाली बसावं लागलं. मापबाईला वाटलं, हे हसणं चारच्या चहाला नसेल तर दुकानाची ती एवढीशी खोली किती मोठी होईल. कडं तिनं खिशात नव्हे, घरीच ठेवायचं कबूल केलं.

एकदा कडं गेल्यावर मात्र तिचं डोकं चाललं. नकाशावरच्या उंचीच्या रेघा तिला कुणी शिकवाव्या लागल्या नाहीत. रेघा दाटल्या म्हणजे चुण्या पडल्या, तिथे चढ उभा. रेघा विरळ म्हणजे कापड सैल, तिथे पळा. ती बोटानं डोंगर चाचपायची आणि विहीणबाई मान डोलवायच्या. पण डॉक्टरनं दिलेला नकाशा कागदी होता, पूर्व आणि पश्चिम असा दोन तुकड्यांत. मागच्या वर्षी म्हणे एका जोडीचा नकाशा वाऱ्यानं नेला आणि दुसऱ्या जोडीचा पावसात लगदा झाला.

कागदाचं हे असं असतं, कापड दगा देत नाही, असं म्हणत मापबाईनं शर्यतीच्या आठवड्यात दुकानाला दुपारची सुट्टी दिली. दोन्ही कागद रेनकोटच्या कापडावर डकवले. कडेची पांढरी पट्टी नाहक जागा खात होती, ती कापून टाकली. मग दोन्ही तुकडे समोरासमोर ठेवून, दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच आत घेऊन दुहेरी टीप मारली. रेघा जुळतात का ते तिनं चौकड्याच्या कापडाला बघतात तसं निरखून पाहिलं. इकडची उतरती रेघ तिकडच्या चढत्या रेघेला अशी चपखल भिडली होती, की जोड हातानं शोधावा लागे. यंत्र चालवता चालवता तिला आपसूक सुचलं:

डोंगराच्या काठाला मारली मी टीप,
वाट माझ्या विहिणीची राहो माझ्या समीप.

गाणं गोड होतं, टीप सरळ होती. फक्त त्या नकाशावर एक इंच म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर होता, याचा हिशेब गाण्यात नव्हता.

शर्यतीच्या दिवशी पहाट स्वच्छ उजाडली. डॉक्टरनं प्रत्येकाची पिशवी उलटी करून पाहिली. शिट्टी, टोपी, रेनकोट, खाणं. मापबाईचा शिवलेला नकाशा त्यानं उलटसुलट केला आणि शिलाई झकास आहे म्हणाला. साठ जोड्या निघाल्या. बहुतेक पोरं होती, ती सशासारखी दिसेनाशी झाली. या दोघी मागून आपल्या चालीनं. डोंगरात बसचे खांब नसल्यानं विहीणबाईंचे पाय न अडखळता चालले होते. पहिली चौकी, हजेरीच्या कार्डाला भोक. दुसरी चौकी, भोक. तिसऱ्या चौकीवर बारा वाजले, म्हणजे ठरल्यापेक्षा दहा मिनिटं आधीच. विहीणबाईंच्या गालांवर लाली चढली होती आणि त्या सारख्या घड्याळ बघत होत्या, पण आता वेगळ्या तऱ्हेनं.

चौथ्या चौकीसाठी नकाशा सांगत होता, की समोरच्या डोंगराची धार ओलांडा, चार पावलं उतरा, लगेच चढ लागेल आणि चढाच्या टोकाला चौकी. दोघी एक वाजता धारेवर पोचल्या आणि थांबल्या.

खाली एक दरी होती. थोडीथोडकी नव्हे, ऐसपैस, आरामात पसरलेली दरी. तळाशी नदी चकाकत होती, काठानं पांढरा रस्ता होता, मेंढ्या चरत होत्या.

"ही इथे नाही," मापबाई नकाशावर बोट ठेवून म्हणाली.

"तिला सांगा तसं," विहीणबाई म्हणाल्या.

मापबाईचा नकाशावर विश्वास होता, कारण तो तिनं स्वतः शिवला होता. वाट चुकली असणार म्हणून ती धारेवरून डावीकडे धावली, मग उजवीकडे धावली, विहीणबाई मागोमाग. अर्धा तास दरी त्यांच्या सोबत चालत राहिली, संपायचं नाव घेईना. शेवटी मापबाई मटकन खाली बसली. नकाशा मांडीवर होता, अंगठा सवयीनं जोडावर फिरत होता, आणि अंगठ्याला मागच्या बाजूला दुमड लागली. तिचा हात थांबला.

विहीणबाईंच्या डोळ्यांकडे न बघता ती म्हणाली, "विहीणबाई, दरी शिलाईत गेली."

"म्हणजे?"

"अर्धा इंच इकडून घेतला, अर्धा तिकडून. सवयीनं घेतला. सगळी दरी आत दुमडली हो. नदीसकट."

विहीणबाईंनी आधी तिच्याकडे बघितलं. मग नदीकडे बघितलं. एवढी मोठी नदी एका बाईनं इंचभर रुंदीच्या दुमडीत कशी कोंबली असेल, याचा त्या विचार करत असाव्यात.

"उसवा," त्या म्हणाल्या.

दोरा कापायची चिमुकली कात्री मापबाईच्या गळ्यात होतीच. पण टीप दुहेरी होती, टाका बारीक होता आणि दोरा चामडं शिवायचा. स्वतःच्या कसबाचा तिला आयुष्यात इतका राग आला नव्हता. एकेक टाका तिनं कातरला, वाऱ्यात, गुडघे घट्ट आवळून, वीस मिनिटं. शिलाई उलगडली तशी दुमडीतून आधी नदी निघाली, मग रस्ता, मग रस्त्यावर एक पूल, आणि पुलापलीकडून थेट चौकीकडे जाणारी बैलगाडीची वाट. कागदावर सुईची भोकं होती, पण सगळं जागच्या जागी होतं.

रस्ता दिसताच विहीणबाईंचं अंग पालटलं. डोंगरात त्या मापबाईच्या मागे होत्या, रस्त्यावर आल्या नि पुढे झाल्या. पाठ ताठ, नजर समोर, वेग एकच, ना कमी ना जास्त. पुलावर समोरून मेंढ्या आल्या तेव्हा त्यांनी तोंडानं हॉर्न दिला आणि मेंढ्यांनी तो ऐकलाही. मापबाई मागून धापा टाकत धावत होती. आपल्यामुळे पन्नास मिनिटं गेली आणि त्या पन्नास मिनिटांत चारचा चहा गेला, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

चौथी चौकी झाली, पाचवी झाली. शेवटची उतरंड लागली तेव्हा साडेचार वाजले होते. खाली मैदानावर तंबू दिसत होता. पण उतारावर विहीणबाईंचे गुडघे हटून बसले. एक पाऊल टाकलं की तोंडातून चीत्कार. दोनचार पावलं गेल्यावर त्या थांबल्या, विचार केला आणि सरळ पाठमोऱ्या वळल्या.

"रिव्हर्स घेते," त्या म्हणाल्या. "तुम्ही मागून सांगा."

आणि खरंच, उलटं चालताना गुडघे गप्प झाले. मापबाई खालच्या अंगाला उभी राहून हात हलवू लागली. येऊ द्या, येऊ द्या. डावीकडे थोडं. दगड आहे, दगड. येऊ द्या. वेग वाढत गेला. मैदानावरचे लोक उठून बघू लागले, की डोंगरावरून एक बाई पाठ करून खाली येते आहे आणि दुसरी तिला बोलावते आहे. दोन झेंड्यांमधून विहीणबाई उलट्याच आत शिरल्या आणि मापबाई बास म्हणाली तेव्हा थांबल्या.

डॉक्टर वही मिटून पेनाला टोपण लावत होता. पाच वाजून अकरा मिनिटं, तो म्हणाला, आणि त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

मापबाईनं त्याला उसवलेला नकाशा दाखवला, भोकं दाखवली, चूक माझी आहे, यांच्या गुडघ्यांची नाही, असं तीनतीनदा सांगितलं. डॉक्टर म्हणाला, की वहीत शिलाईचा रकाना नाही. मग ती येऊन गवतावर विहीणबाईंशेजारी बसली. बूट काढायचं बळ नव्हतं. मान वर करायचं तर त्याहून नव्हतं.

विहीणबाई बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"रस्त्यात खोळंबा झाला तर डेपो तो ड्रायव्हरच्या नावावर टाकत नाही," त्या म्हणाल्या. "झाड पडलं, पूल वाहून गेला, असलं काही. आपला खोळंबा किती?"

"पन्नास मिनिटं," मापबाई पुटपुटली.

"आणि उशीर अकरा. म्हणजे एकोणचाळीस मिनिटं मी भरून काढली. चौतीस वर्षांत सात नंबरवर एवढी कुणी काढली नाही. मी तर नाहीच."

मापबाईनं हळूच तिकडे पाहिलं. विहीणबाईंनी फोन काढला होता. पलीकडून थोरली लेक शर्यत झाली का, गाडीचं तिकीट कधीचं काढू, असं काही विचारत असावी. विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"नको काढू," त्या म्हणाल्या. "गाडी चालू आहे. हो, आत्ताच तपासली."

फोन ठेवला. मापबाईला बोलायचं खूप होतं आणि या वेळी तोंडात टाचण्यांचं निमित्तही नव्हतं. तिनं नुसता विहीणबाईंच्या बाहीचा उसवलेला कोपरा बोटांत धरला आणि उद्या नीट करून देईन म्हणाली. विहीणबाई म्हणाल्या, की अर्धा इंच आत घेऊ नका म्हणजे झालं, हात आखडेल.

मग उठायची वेळ आली. विहीणबाईंनी हात मागितला. मापबाईनं दिला आणि उठवायला गेली, तर तिचेच गुडघे आखडलेले. दोघी पुन्हा बसल्या. पुन्हा जोर केला, पुन्हा बसल्या. तंबू उतरू लागला, झेंडे गुंडाळले गेले, या दोघी एकमेकींचा हात धरून गवतात हसत बसलेल्या. शेवटी डॉक्टर आला. त्यानं दोघींच्या बगलांत हात घातले, पाय रोवले, जराशा वेदना होतील असं रोजच्या सवयीनं सांगितलं आणि एका हिसक्यात दोघींना मुळासकट उपटून उभं केलं.